नियमानं सीसी बांधून टाकली, मग वेग आला कुठून? आउटबोर्ड शर्यतींमधल्या इंजिनांची गोष्ट

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिला प्रश्न समोर येतो तो "यात नवीन काय?" गाईड हाच विचारतात, समितीही हाच विचारते. प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा असं मला वाटतं: "यात स्थिर काय आहे?" म्हणजे तुमच्या विषयात अशी कोणती गोष्ट आहे जी कुणीतरी बांधून टाकली आहे, आणि जिच्यामुळे बाकीच्या गोष्टींना हलावं लागलं?

हा प्रश्न किती कामाचा आहे ते आज एका आडवळणाच्या उदाहरणातून बघू. उदाहरण आहे अमेरिकेतल्या आउटबोर्ड मोटरबोटींच्या शर्यतींचं, साधारण १९२५ ते १९६० या काळातलं. त्यातही शर्यत कुणी जिंकली हा आपला विषय नाही. शर्यतीच्या आधी वर्कशॉपमध्ये इंजिनावर काय काम व्हायचं, ते बघायचं आहे.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. मालवणला गेला असाल तर पाहिलं असेल. वर इंजिनाचं डोकं, मधे उभा दांडा, आणि खाली पाण्यात गिअर आणि पंखा. इंजिन, सुकाणू, पंखा सगळं एकाच तुकड्यात. काम संपलं की काढून घरी न्यायचं.

आधी थोडी पार्श्वभूमी

नॉर्वेत जन्मलेल्या आणि मिलवॉकीत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं. पहिलं आउटबोर्ड ते नव्हे. त्याच्या काही वर्षं आधी कॅमेरॉन वॉटरमन यांचं इंजिन विकलं जात होतं. पण एव्हिनरूडचं इंजिन खपलं आणि टिकलं. एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. १९२१ मध्ये त्यांनीच 'एल्टो' नावाचं दोन सिलिंडरचं इंजिन काढलं. त्यात ॲल्युमिनिअमचा सढळ वापर होता, त्यामुळे ताकद दुप्पट, ३ हॉर्सपॉवर, आणि वजन उलट कमी, ४८ पौंड. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या जॉन्सन बंधूंनी त्याहून हलकं इंजिन आणलं.

ही सगळी इंजिनं मासे पकडणाऱ्यांसाठी आणि सुट्टीत तळ्यावर जाणाऱ्यांसाठी होती. शर्यत हा शब्द त्यांच्या जवळपासही नव्हता. चित्र पालटलं ते जॉन्सनच्या 'बिग ट्विन' इंजिनामुळे. १९२६ च्या सुमारास ६ हॉर्सपॉवरच्या या इंजिनानं हलकी होडी ताशी १६ मैल, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर वेगानं पळवली. आज हा आकडा किरकोळ वाटेल. महत्त्वाचं हे की या वेगाला सपाट तळाची होडी पाणी कापत जाण्याऐवजी वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत जाते. एकदा ती अशी घसरायला लागली की पाण्याचा विरोध एकदम वेगळ्या पद्धतीनं वागतो, आणि थोडी जास्त ताकद दिली की वेगात चांगलीच भर पडते. लोकांना हे कळायचा अवकाश, शर्यती सुरू झाल्या.

शर्यत आली की नियम येतात. संघटनांनी इंजिनांचे वर्ग पाडले, ते सीसीवर. अमेरिकेत माप घनइंचात. ए वर्ग १४ घनइंचांपर्यंत (सुमारे २३० सीसी), बी वर्ग २० पर्यंत (सुमारे ३२८ सीसी), सी वर्ग ३० पर्यंत (सुमारे ४९० सीसी). वर गेलं की एफ वर्ग, ६० घनइंचांपर्यंत.

आता थांबा आणि आपला प्रश्न विचारा. इथे स्थिर काय? सीसी. इंजिन मोठं करून जिंकण्याचा सर्वात सोपा मार्ग नियमानं बंद केला. म्हणजे नकळत एक प्रयोगच मांडला गेला: एक चल स्थिर ठेवा, बाकी सगळं मोकळं सोडा, आणि दर रविवारी निकाल बघा.

एक समीकरण, जे सगळी गोष्ट लावून देतं

इतिहासाच्या पुस्तकात सुधारणांची यादी असते. नवा व्हॉल्व्ह आला, नवं इंधन आलं, नवी बेअरिंग आली. यादी पाठ होते, पण समजत काही नाही. यादी करण्याआधी समीकरण लिहायची सवय लावून घ्या. टू-स्ट्रोक इंजिनासाठी ते असं आहे:

शक्ती = सिलिंडरमधला सरासरी उपयुक्त दाब × सीसी × दर सेकंदाचे फेरे

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणून मधे दोननं भागायची भानगड नाही. आता बी वर्गाचं ३२८ सीसीचं इंजिन घ्या. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. दाब ३ बार आणि मिनिटाला ४००० फेरे धरले तर सुमारे ६.६ किलोवॅट येतात, म्हणजे जवळपास ९ हॉर्सपॉवर. तोच दाब ५ बार आणि फेरे ६००० केले तर १६.४ किलोवॅट, म्हणजे २२ हॉर्सपॉवर. सीसी तीच, ताकद अडीचपट.

म्हणजे वर्कशॉपमधल्या माणसाच्या हातात दोनच दांडे उरले: फेरे वाढवा किंवा दाब वाढवा. तिसरी वाट इंजिनाच्या बाहेर आहे: जी ताकद मिळाली ती पाण्यात कमीत कमी वाया घालवा. पुढची सगळी गोष्ट या तीन कप्प्यांत बसते. तुमच्या विषयातलं साहित्य वाचताना असे कप्पे आधी तयार असतील तर शंभर पेपर वाचूनही गोंधळ होत नाही.

पहिला कप्पा: फेरे

फेरे वाढवायचे म्हणजे नुसता थ्रॉटल उघडायचा असं नाही. पिस्टन वर-खाली जाताना दर फेरीला दोनदा थांबतो आणि दिशा बदलतो. त्यासाठी लागणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४००० वरून ६००० वर गेलात तर फेरे दीडपट, पण बल सव्वादोनपट. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला ब्राँझची साधी बुश असायची. मासेमारीच्या वेगाला ती पुरते. शर्यतीच्या वेगाला मात्र ती तापते, घासते आणि अखेर धरते.

इथे कार्ल कीकहेफर यांचं नाव येतं. १९३९ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग गावातला एक बुडीत कारखाना विकत घेतला. आत एका मोठ्या दुकानदार कंपनीनं नाकारून परत पाठवलेली शेकडो आउटबोर्ड पडून होती. ती दुरुस्त करून विकली गेली आणि त्यातून मर्क्युरी इंजिनांचा जन्म झाला. मग युद्ध आलं, आणि कंपनी लष्करासाठी झाडं कापायच्या यांत्रिक करवतीची इंजिनं बनवू लागली. करवत हातात धरायची, म्हणजे वजन कमी हवं. ताकद मात्र भरपूर हवी. शर्यतीच्या इंजिनाची मागणीही नेमकी हीच असते. युद्धानंतरच्या मर्क्युरी इंजिनांत साध्या बुशऐवजी बॉल आणि रोलर बेअरिंग होती, आणि कंपनी त्याची जाहिरातही जोरात करायची.

लक्षात घ्या, शर्यतीतल्या सुधारणेचा एक उगम शर्यतीत नव्हताच, करवतीत होता. तुमच्या विषयाची वंशावळ काढताना शेजारच्या शेतातही बघा.

फेरे वाढले की ठिणगीही तेवढ्याच वेळा लागते. ६००० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १०० ठिणग्या. त्यामुळे मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग हे दुय्यम भाग राहत नाहीत. एक भाग सुधारला की ताण पुढच्या कमकुवत भागावर जातो, तो सुधारला की त्याच्या पुढच्यावर.

दुसरा कप्पा: दाब, म्हणजे इंजिनाचा श्वास

जुनी बजाज चेतक किंवा लूना ज्यांच्या घरी होती त्यांना टू-स्ट्रोकची ओळख आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि मागे निळा धूर सोडत जायचं. त्यात फोर-स्ट्रोकसारखे वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की पोर्ट उघडतात, वर आला की बंद होतात. पिस्टनच्या खालची बंद जागा, म्हणजे क्रँककेस, पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये ढकललं जातं.

अडचण वेळेची आहे. ६००० फेऱ्यांना एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. पोर्ट फेऱ्याचा तिसरा हिस्सा उघडं राहिलं असं धरलं, तर हाताशी उरतात सुमारे ३ मिलिसेकंद. तेवढ्यात जळालेला वायू बाहेर जायला हवा आणि ताजं मिश्रण आत यायला हवं. जेवढं ताजं मिश्रण आत अडकेल, तेवढा दाब.

सुरुवातीला मिश्रण आत घ्यायचं पोर्टही पिस्टनच उघडायचा. यात एक भूमितीय मेख आहे. पिस्टन वर जाताना ज्या उंचीला पोर्ट उघडतं, खाली येताना त्याच उंचीला ते बंद होतं. म्हणजे वेळापत्रक दोन्ही बाजूंना सारखंच. लवकर उघडायचं ठरवलं तर उशिरा बंद होणार, आणि तोपर्यंत ओढलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरमधून बाहेर यायला लागणार.

जॉन्सनच्या शर्यतीच्या इंजिनांनी, ए वर्गाच्या केआर, बी वर्गाच्या एसआर आणि सी वर्गाच्या पीआर यांनी, यावर रोटरी व्हॉल्व्ह वापरला. क्रँकशाफ्टच्या गतीशी जोडलेला, फिरता फिरता वाट उघडणारा आणि बंद करणारा भाग. आता उघडण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ एकमेकींपासून सुटल्या. लवकर उघडा, वेळेवर बंद करा. मर्क्युरीनं पुढे वेगळी वाट धरली. त्यांनी रीड व्हॉल्व्ह, म्हणजे पातळ लवचीक पट्ट्या वापरल्या. आत ओढ निर्माण झाली की त्या आपोआप उघडतात आणि दाब उलटला की मिटतात. प्रश्न एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही उत्तरांनी शर्यती जिंकल्या. संशोधनात "सर्वोत्तम उपाय कोणता" असं विचारण्याआधी "कोणत्या अटींखाली सर्वोत्तम" हे विचारायचं ते याचसाठी.

पिस्टनचा माथाही बघण्यासारखा आहे. त्या काळच्या आउटबोर्डमध्ये पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असायचा. ताजं मिश्रण एका बाजूनं येतं, समोरच बाहेर जायचं पोर्ट. मधे अडसर नसेल तर ताजं मिश्रण सरळ बाहेर. म्हणून तो उंचवटा मिश्रणाला वर वळवायचा. पण त्यानं पिस्टन जड होतो आणि एका जागी जास्त तापतो. जर्मनीत आडॉल्फ श्न्यूर्ले यांनी १९२० च्या दशकातच दुसरी पद्धत शोधली होती. पोर्टांचा कोनच असा ठेवायचा की मिश्रण स्वतःच वळसा घेईल आणि पिस्टन सपाट राहील. १९३० च्या दशकात डीकेडब्ल्यू मोटरसायकलींत ती पद्धत आली. अमेरिकन आउटबोर्ड मात्र पुढेही कित्येक वर्षं उंचवट्याचा पिस्टनच वापरत राहिली, कारण तशी सिलिंडर बनवायला सोपी पडायची. चांगली कल्पना अस्तित्वात असणं आणि ती वापरात येणं यात दशकांचं अंतर असू शकतं. "हे आधी का झालं नाही?" हा प्रबंधासाठी फार चांगला प्रश्न असतो.

आणि एक्झॉस्ट. घरगुती आउटबोर्डमध्ये धूर पाण्याखाली सोडतात, म्हणजे आवाज दबतो. पण बाहेर जाणाऱ्या वायूला पाणी ढकलावं लागतं. शर्यतीवाल्यांनी ती वाट बंद करून धूर सरळ हवेत सोडला. आवाज कानठळ्या बसवणारा, पण श्वास मोकळा. पुढे कळलं की नळीची लांबी आणि आकार नुसता अडथळा ठरवत नाही, तर परत येणाऱ्या दाबाच्या लाटेची वेळही ठरवतो. पूर्व जर्मनीत एमझेड मोटरसायकलींवर वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात यावर जे काम केलं, त्याचा फायदा पुढे सगळ्या टू-स्ट्रोक शर्यतींना झाला.

इंधन: इथे आकडेमोड केल्याशिवाय विश्वास ठेवू नका

शर्यतीच्या इंजिनात पेट्रोलऐवजी मिथेनॉल भरायचे. का? "मिथेनॉलमध्ये ताकद जास्त" असं कुणी म्हणेल. करून बघू.

एक किलो मिथेनॉल जाळलं तर सुमारे २० मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो पेट्रोलमधून सुमारे ४४. म्हणजे मिथेनॉल निम्म्याहून कमी. पण इंजिनात मर्यादा इंधनाची नसते, हवेची असते. सीसी ठरलेली आहे, म्हणून आत येणारी हवा ठरलेली. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला फक्त ६.५. म्हणून एक किलो हवेमागे पेट्रोल देतं ३ मेगाज्यूल, मिथेनॉल देतं सुमारे ३.१. जवळपास सारखंच!

मग फायदा कुठे? थंडाव्यात. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ११०० किलोज्यूल लागतात, पेट्रोलला साधारण ३५०. त्यातही मिथेनॉल दुपटीहून जास्त टाकायचं. म्हणजे प्रत्येक किलो हवेमागे मिथेनॉल सुमारे सातपट उष्णता शोषून घेतं. मिश्रण थंड म्हणून घट्ट, पिस्टनचा माथा थंड, अवेळी स्फोट होण्याची भीती कमी, म्हणून कॉम्प्रेशन वाढवता येतं. दाबाचा दांडा इथे पुढे सरकतो.

किंमतही मोजावी लागते. मिथेनॉलमध्ये साधं खनिज तेल विरघळत नाही, म्हणून वंगणाला एरंडेल तेल वापरायचे. हो, तेच आपलं एरंडेल! थंडीत इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, आणि मिथेनॉल आत राहिलं तर धातू खराब होतो, म्हणून शर्यत संपली की आधी इंजिन धुवायचं.

या उदाहरणात शिकण्यासारखं हे: "प्रति किलो इंधन" आणि "प्रति किलो हवा" यात छेद बदलला आणि उत्तर पार बदललं. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक गुणोत्तराचा छेद का निवडलात, याचं उत्तर तयार ठेवा. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो.

तिसरा कप्पा: पाण्याखाली

गिअरचा डबा पाण्यात असतो आणि पाणी त्याला अडवतं. हा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर खर्च होणारी ताकद वेगाच्या घनाच्या. ताशी ४० मैलांवरून ५० वर जायचं तर वेग सव्वापट, पण डब्यावर वाया जाणारी ताकद जवळजवळ दुप्पट. म्हणून मर्क्युरीनं शर्यतीसाठी 'क्विकसिल्व्हर' नावाचा बारीक, निमुळता खालचा भाग वेगळा विकायला काढला. वरचं इंजिन जवळपास तेच, खालचा भाग बदलला आणि बोट वेगळीच पळू लागली.

पंख्याचं तर स्वतंत्र शास्त्र. पात्याचा पीळ किती, कडेला बाक किती, इंजिन फळीवर किती उंच बसवायचं की पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरेल. हे ठरवायची पद्धत एकच: एक गोष्ट बदला, पळवून बघा, वेळ लिहा, पुन्हा बदला. वाल्टर व्हिन्सेंटी यांनी अभियंत्यांच्या ज्ञानावरच्या आपल्या पुस्तकात स्टॅनफर्डमधल्या विमानाच्या पंख्यांच्या चाचण्यांचा अभ्यास केला आहे. ड्युरांड आणि लेस्ली यांनी १९१६ ते १९२६ या काळात पंख्याचे आकार पद्धतशीर बदलत शेकडो मोजमापं घेतली होती. पूर्ण सिद्धान्त हातात नसतानाही विश्वासार्ह ज्ञान मिळवता येतं, ते असं. तळ्याकाठी कानस घेऊन बसलेला मेकॅनिकही हेच करत होता. फरक एवढाच की त्याची वही ग्रंथालयात पोचली नाही.

कागदावर काय उरलं?

इथे विषय संशोधकाच्या दृष्टीनं खरा अवघड होतो. वेगाचे विक्रम नोंदवलेले आहेत, जिंकणाऱ्यांची नावं आहेत, कंपन्यांची माहितीपत्रकं आहेत. पण पोर्ट किती घासलं, कोणत्या कोनात, का, हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. ते गुपित होतं, आणि गुपित लिहून ठेवत नाहीत.

लिहिलेल्या आकड्यांवरही जपून विश्वास ठेवावा लागतो. १९४० च्या दशकाच्या शेवटी मर्क्युरीच्या २० घनइंची 'लाइटनिंग' इंजिनावर १० हॉर्सपॉवर लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात त्याची ताकद त्याहून बरीच जास्त होती, आणि शर्यतीतल्या लोकांना हे ठाऊक होतं. पुढे कुणी संशोधक तो आकडा उचलून आलेख काढेल, तर त्याचा आलेख ताकदीचा नसेल, जाहिरात विभागाच्या धोरणाचा असेल. कोणताही आकडा घेताना तो कुणी, कशासाठी आणि कोणत्या यंत्रावर मोजला हे विचारा.

त्यात मंदीनं भर घातली. शर्यतींच्या लाटेवर वाढलेली जॉन्सन कंपनी १९३२ मध्ये दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेली. १९३५ मध्ये स्टीफन ब्रिग्ज आणि ओले यांचे चिरंजीव राल्फ एव्हिनरूड यांनी ती घेतली. मंदीत शर्यतीच्या इंजिनांवर पैसा कोण घालणार? पण शर्यती थांबल्या नाहीत. जुनी पीआर इंजिनं त्यानंतरही कित्येक दशकं पळत राहिली. सुटे भाग आणि सुधारणा खासगी वर्कशॉपांतून येऊ लागल्या. म्हणजे ज्ञान कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमधून लोकांच्या हातात गेलं, आणि हातातलं ज्ञान माणसाबरोबर जातं.

मग अभ्यास कसा करायचा? इंजिन हाच दस्तऐवज समजायचा. टिकून राहिलेल्या इंजिनाचं पोर्ट मोजा, कारखान्याच्या मूळ मापाशी ताडा, कानशीच्या खुणा बघा. किती घासलं, कुठे थांबले, कुठे वेल्डिंग करून भोक पुन्हा बुजवलं. बुजवलेलं भोक म्हणजे फसलेल्या प्रयोगाची नोंदच की! आपल्या जर्नलमध्ये फसलेले प्रयोग छापत नाहीत, पण धातूत ते शिल्लक राहतात.

चाचणी: तळं, घड्याळ आणि दोन दिशा

१९५७ मध्ये कीकहेफर यांनी फ्लोरिडात एक अख्खं तळं आणि भोवतालची जमीन चाचण्यांसाठी घेतली. नाव ठेवलं 'लेक एक्स'. प्रतिस्पर्ध्यांना आत काय चाललंय ते दिसू नये, एवढाच हेतू. त्याच वर्षी तिथे मर्क्युरीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांवर बोटी न थांबता २५,००० मैल पळवल्या गेल्या. इंधनसुद्धा चालत्या बोटीत भरायचं. महिनाभराहून जास्त काळ, रात्रंदिवस, आणि बाहेरच्या परीक्षकांच्या देखरेखीखाली. गुप्त जागा, पण निकालाला बाहेरचा साक्षीदार. साक्षीदाराशिवाय आकड्याला किंमत नाही, हे व्यापाऱ्यालाही कळत होतं.

वेगाच्या विक्रमाची पद्धतही शिकण्यासारखी आहे. मोजलेल्या अंतरावरून बोट दोन्ही दिशांना पळवायची आणि सरासरी घ्यायची. वारा किंवा प्रवाह एकीकडे मदत करत असेल तर दुसरीकडे अडवेल. १९३९ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ द्युपुई यांनी ताशी ७९.०४ मैल (सुमारे १२७ किलोमीटर) गाठले. १९५८ मध्ये सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यूबर्ट एन्ट्रॉप यांनी मर्क्युरीच्या मार्क ७५ एच इंजिनावर १०७.८२१ मैल, म्हणजे सुमारे १७३.५ किलोमीटर. १९२६ चे १६ मैल आठवतात ना? इंजिनांचे आकार वेगळे, बोटींची रचना वेगळी, म्हणून या आकड्यांची थेट तुलना करू नका. पण हा फरक नुसत्या आकारानं भरून निघत नाही, एवढं नक्की.

नियमानं जे मोजलं नाही

आता मूळ मुद्द्यावर येऊ. नियमानं सीसी बांधली आणि घड्याळानं वेग मोजला. या दोन गोष्टींच्या मधे जे जे होतं ते सगळं सुधारलं: फेरे, श्वास, थंडावा, पंखा. पण इंधन किती खाल्लं हे कुणी मोजलं नाही. टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही पोर्ट काही काळ एकदम उघडी असतात, आणि ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं. शर्यतीत हे चालून जातं, कारण जास्तीचं इंधन इंजिन थंडच ठेवतं. पण याच कुळातली घरगुती आउटबोर्ड लाखोंनी विकली गेली, आणि त्यांनी घेतलेल्या इंधनाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळता पाण्यात आणि हवेत जात राहिला.

हा हिशेब कायद्यात आला १९९६ मध्ये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं आउटबोर्डमधून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन २००६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं ७५ टक्के कमी करायचा नियम केला. मग दशकभरात थेट इंधन फवारणारी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक आउटबोर्ड बाजारात पसरली. अभियंते अचानक हुशार झाले नव्हते. मोजपट्टी बदलली होती.

म्हणून तुमच्या विषयात स्थिर काय आहे ते शोधा, आणि मोजलं काय जातंय तेही शोधा. त्याच्या पलीकडे जे उरतं, ते कुणीच सुधारत नसतं, आणि त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाटत असतं. तुमच्या प्रयोगशाळेत फक्त अचूकतेची टक्केवारी मोजतात? मग वीज किती खर्च झाली ते बघा. तुमच्या क्षेत्रात फक्त हेक्टरी उत्पादन मोजतात? मग विहिरीची पातळी बघा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

एक कागद घ्या आणि हे पाच प्रश्न आपल्या विषयाला लावून बघा.

१. इथे कोणती गोष्ट नियमानं, निधीनं किंवा सवयीनं बांधलेली आहे?

२. सगळ्या सुधारणा ज्यात बसतील असं एखादं समीकरण किंवा साधी चौकट लिहिता येते का?

३. माझा मुख्य आकडा कुणी, कशासाठी मोजला? छेद कोणता?

४. जे लिहून ठेवलेलं नाही, ते कोणत्या वस्तूत किंवा कुणाच्या हातात शिल्लक आहे? तिथे मी पोचू शकतो का, आणि अजून किती वर्षं?

५. इथे काय मोजलं जात नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतंय?

पहिल्या तीन प्रश्नांनी सिनॉप्सिस नीट होतं. चौथ्याला उशीर करू नका, कारण हातातलं ज्ञान वाट बघत नाही. आणि पाचव्याचं उत्तर सापडलं, तर समितीच्या "यात नवीन काय?" याचं उत्तर तुमच्याकडे आधीच तयार असेल.